दीड फेरा मागे

चाफ्याच्या फाट्यावर, जयगडच्या वाटेला,
दाऊद मजगावकरांच्या शेडमध्ये
पहिले आठ महिने मी फक्त ग्रीस पुसलं.

नवं लावायचं नाही. जुनं पुसायचं,
डिझेलच्या फडक्याने, पत्र्याच्या पट्टीने,
टर्नटेबलच्या खाचाखाचांतून,
वाळू खाल्लेलं, बंदराच्या खाऱ्या वाऱ्याने
काकवीसारखं चिकट झालेलं.
"ग्रीसखाली तडा लपतो," चाचा म्हणायचे,
"आधी मेकअप उतरव, मग तोंड बघू."
मेकअप हा शब्द ते माझ्यासाठीच काढायचे
नि मी पट्टी आणखी जोरात ओढायचे.

चाकांना उटी आधी. जांभ्याची नको, फुटते.
लाकडाची, दोन्ही अंगांनी.
गाडीची चावी तुझ्या खिशात, ड्रायव्हरच्या नाही.
जबड्यात बोट घालायचं नाही,
इंजिन बंद असलं तरी नाही.
त्यांच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती.
"असेल कुठंतरी भंगारात," म्हणायचे,
"कोल्हापूरला गेला तो ट्रेलर."

मग स्क्रू.
पिन झिजते, जबडा झिजतो,
दोघांच्या मध्ये जागा वाढत जाते
आणि निवळीच्या घाटात दर ब्रेकला
तीस टन पाठीत गुद्दा घालतात.
ड्रायव्हर म्हणतो, रस्ता खराब.
रस्ता खराब असतोच.
लॉकनट सैल कर. पाना लाव.
आत घे, अजून आत, घासायला लागेपर्यंत,
आणि तिथून
(हे मला सगळ्यात उशिरा जमलं)
दीड फेरा मागे.
"आवळलं म्हणजे झालं, असा कोण बोलला तुला?
वळणाला त्याला हलायला नको?
नि किती मागं ता मनानं ठरवायचा नाय.
कंपनीनं पत्र्यावर छापलाय. वाच."
त्यांना ती अक्षरं येत नव्हती.
मी वाचायचे, ते मान हलवायचे,
शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी.

ते मिरजेला होते, डोळ्याच्या ऑपरेशनला,
त्या रात्री केरबा लाड आला,
सळयांचा लोड, कराडला सकाळी पोचवायचा.
त्याने मागे घेतलं. खट् वाजलं.
हँडल आत गेला.
"बसला," तो म्हणाला, नि तंबाखू मळायला लागला.

मी चावी मागितली.
त्याने आधी माझ्याकडे, मग शेडकडे पाहिलं,
आत कुणी पुरुष आहे का ते.
मग दिली.

टॉर्च घेऊन वाकले.
पत्रा नि टर्नटेबल यांच्यामध्ये
एक फट. फटीतून पलीकडच्या
पंपावरची ट्यूबलाइट दिसत होती,
तिच्याभोवतीचे किडेसुद्धा.
पिन जबड्याच्या वरच टेकलेली,
जबडा मिटलेला, तोंडात काहीच नाही.
आवाज त्याचाच होता.

"पाय वर घे, ओढून बघतो," केरबा म्हणाला.
मी म्हटलं, पायांना हात लावू नका.

सोडवलं. गाडी पुढे घेतली.
जॅक फिरवत ट्रेलर दोन बोटं खाली आणला,
जबड्यातून सळीने सुपारीएवढा
सुकलेल्या ग्रीसचा खडा काढला,
तो केरबाच्या तळव्यावर ठेवला, तंबाखूच्या शेजारी.
परत मागे, सरळ, हळू.
खट्.
परत वाकले.
ट्यूबलाइट नाही. किडे नाहीत.
ट्रेलरचा ब्रेक लावून, पहिल्या गिअरला,
हलकेच दोनदा पुढे ओढायला लावलं.
हलला नाही. मग पाय वर.

साडेअकराला मिरजेहून फोन,
डोळ्याला पट्टी, कुणाकडून तरी लावून घेतलेला.
"उजेड दिसला?" त्यांनी विचारलं.
म्हटलं, आधी दिसला होता. आता दिसत नाही.
"मग बरोबर," म्हणाले,
आणि मागून नर्स ओरडली.