डाव्या हाताची कॉफी

फुल्व्हियानं पाठवलेलं खोकं
सात आठवडे बुटांच्या कपाटावर पडून होतं.
वर चित्र: एक हसरी बाई, एक बटण, एक पेला.
मी त्यावर विजेची बिलं ठेवायचो.

एकतीस वर्षं त्रिएस्तेच्या बंदरात
मी कॉफीची पोती तपासली.
पोकळ सळई खुपसायची, मूठभर हिरवे दाणे काढायचे,
हुंगायचे, आणि सांगायचं:
याला बोटीत पाणी लागलंय.
अशा माणसाला कॅप्सूलमधली कॉफी?
ॲल्युमिनियमच्या टोपीत, औषधासारखी मोजून?
मी म्हणालो, आमच्या घरात कुणी आजारी नाही.

म्हणालो, आणि ओन्दिनानं माझ्याकडे पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत,
तिचा उजवा हात तिला सोडून गेला.
म्हणजे आहे तिथंच, बाहीत,
पण बोलावलं तर येत नाही.
त्याआधी घरातली कॉफी तिची होती.
खाली पाणी, मध्ये भुकटी,
वरचं भांडं पिळून घट्ट बसवायचं,
नाहीतर वाफ कडेनं पळते.
पिळायला दोन हात लागतात.
म्हणून दोन वर्षं मी पिळतोय,
आणि दोन वर्षं ती माझी कॉफी पितेय,
कधी करपलेली, कधी पुचाट,
आणि म्हणते, छान.
पन्नास वर्षांत तिनं मला हे एकच खोटं सांगितलं असेल,
पण रोज.

मंगळवारी पहाटे बोरा सुटला.
हा वारा आमच्या गल्लीत शीळ घालत नाही,
घरपट्टी वसूल करायला आल्यासारखा दारं ठोठावतो.
त्यातच एक वेगळी घरघर.
मला वाटलं, खिडकीची झडप निसटली.
हात लांबवला: अंथरुणाची दुसरी बाजू गार.

स्वयंपाकघरात दिवा.
खोकं फाडलेलं (दातांनी, हे नंतर कळलं),
बिलं जमिनीवर,
आणि ओट्यापाशी ओन्दिना, गाऊनवर माझा स्वेटर.
डाव्या हातानं दांडी वर.
टोपी आत.
दांडी खाली. बटण.
माझा चष्मा सापडेपर्यंत पेला भरला होता.

"बस," ती म्हणाली, "आज तू पाहुणा."

मी घोट घेतला.
खोट काढायला जीभ तयारच होती,
एकतीस वर्षं त्याचाच पगार खाल्लेली जीभ.
आणि खोट होती.
भाजणी जास्त, शेवटी कडवट,
दाणे कुठल्या डोंगरावरचे, ते झाकलेलं.
मी म्हणालो, छान.

ती हसली.
ते छान तिला ओळखू आलं. तिचंच होतं.

चव हातात असते, असं मी गोदीतल्या पोरांना सांगायचो,
ओन्दिनाच्या कॉफीचा दाखला देऊन.
सोयीनं चव जाते, हेही सांगायचो.
गैरसोयीला मी इतकी वर्षं चव म्हणत आलो,
कारण गैरसोय तिची होती
आणि पेला माझा.

रात्री झोप येईना तेव्हा हिशोब केला.
साठ किलोचं पोतं, भाजून उरणार पन्नास,
एका टोपीत पाच ग्रॅम.
दहा हजार टोप्या. रोज एक धरली
तर सत्तावीस वर्षं.
पोतं माझ्या पाठीला कधी जड वाटलं नव्हतं.
त्या रात्री वाटलं.
एवढ्या सकाळी आता कोण देणार आम्हाला?

आता वरच्या मजल्यावरची झोरा येते,
तिची बहीण येते, गॅसचं मीटर बघणारा पोरगासुद्धा बसतो.
चार पेले, आठ पेले,
ओन्दिनाला तो डाव्या हाताचा मळ.
मी ट्रे उचलायला गेलो की डोळे वटारते.

रिकाम्या टोप्या तेवढ्या माझ्याकडे आहेत.
झाकण सोलायचं, चमच्यानं चोथा खरवडायचा,
जिरॅनियमच्या कुंडीत घालायचा, टोपी धुवायची.
किचकट काम. अर्धा तास जातो.
दोन हात लागतात.