बिलाच्या पाठीवर

डिसेंबरात रात्री अकराला मेडिकल चौकात
थंडी काउंटरवर कोपर टेकून उभी राहते.
मी शटर अर्धं ओढलेलं,
त्याखालून वाकून आत आले
तांडापेठेचे रूपचंदजी हेडाऊ.
कानटोपी, मफलर, हातात
साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी.
"म्याडम, काही कडक द्या नं.
तीन दिवस झाले, सर्दी हटूनच नाही राह्यली."

आधी काय घेतलं, विचारलं
तर पिशवीच उपडी केली.
एक पट्टी सुनेनं आणलेली,
एक व्हॅनच्या मालकानं खिशातून काढून दिलेली,
एक बाटली गेल्या हिवाळ्यातली,
झाकण चिकटलेलं, लेबलावर मध आणि डोंगर.

मी तिन्ही उलट्या केल्या.
औषधाचं खरं नाव पाठीवर असतं,
मुंगीच्या अक्षरात, चकाकत्या कागदावर,
ट्यूबलाइट पडली की तेही पुसतं.
भिंग त्यांच्या हाती दिलं. वाचा.
"पॅ-रा-सि-टा-मॉल."
दुसरी?
"पॅरासिटा..." थांबले.
तिसरी वाचलीच नाही,
माझ्याकडे पाहिलं.

घरी बाल्या, शाळेत रूपचंद,
रेशनकार्डावर हेडाऊ आर. एस.
कुणी कोणत्याही नावानं हाक मारो,
येणार तुम्हीच,
आणि तीनदा जेवायला बसणार
तेही तुम्हीच, रूपचंदजी.

जुन्या बिलाच्या पाठीवर मांडलं:
साडेसहाशेची, दिवसाला चार.
पाचशेची, दिवसाला तीन.
खाली रेघ: मोठ्या माणसाला दिवसाचे चार हजार, फार झालं तर.
बाटलीची पाळी यायच्या आधीच
बेरीज रेघ ओलांडून गेली.
बाटलीतलं किती घेता?
"दोन चमचे."
कोणता चमचा?
"भाजीचा."

बीपीची गोळी चालू आहे का,
हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.
चालू होती.
नाक मोकळं करणारं जे आहे ना यात,
ते बीपीलाही हाकलतं वर.

आणि झोप?
"झोप तं मस्त लागते, म्याडम.
आज सकाळीही लागली.
गंगाबाई घाट चौकात, सिग्नलवर.
मागं अकरा पोरं.
हॉर्न वाजून राह्यले, मले पत्ता नाही.
एका पोरीनं मानेले वॉटरबॅग लावली,
गारगार,
तवा उठलो."
हसले. मीही हसणार होते,
नाही हसू आलं.

मग सहज, मफलर सारखा करत,
"नातू दोन वर्षाचा हाय, तोही खोकलते.
त्याले यातलंच अर्धं झाकण देऊ का?"
माझा आवाज चढला.
बाटली मी काउंटरखाली टाकली, विचारलंही नाही.
एवढ्या लेकराला हे नाही द्यायचं, थेंबभरही.
अर्धं झाकण म्हणजे अर्धं माणूस नसतं ते.
उद्या त्याला बालरोगात दाखवा.

आणि तुम्ही आत्ता जा, समोर, कॅज्युअल्टीत.
"मले तं काही होऊनच नाही राह्यलं."
खोकला ओरडतो, रूपचंदजी,
नाक बोंब मारतं,
लिव्हर बिचारं दोन-दोन दिवस गप्प बसतं,
आणि मग एकदमच बोलतं.
हा कागद दाखवा. किती, कधीपासून, सगळं लिहिलंय.
व्हॅनची चावी घरी द्या.

कागदाची चार घड्यांची पुडी करून
त्यांनी कानटोपीत खोचली.
"अन् सर्दी?"
गरम पाणी, वाफ, झोप. आठवडाभरात जाते आपोआप.
"औषध घेतलं तं?"
सात दिवसांत.

शटरखालून वाकता वाकता थांबले,
"मंग हे सारं इकता कायले, म्याडम?"

मागे भिंतभर कपाटं.
हिरवे डबे, लाल डबे, मध, डोंगर.
मी भिंग पुसत राहिले.
रस्ता ओलांडताना ते दोनदा शिंकले,
दोन्ही वेळा
कानटोपीवर हात दाबून.