एकच रकाना

काळीज म्हणताना आपला हात डावीकडे जातो.
ते उजवीकडे असतं, बरगड्यांच्या आडोशाला,
दीड किलोचं, न बोलता राबणारं.
बावीस वर्षं नर्सिंग करतेय, मला ठाऊक आहे.
तरी हात डावीकडेच जातो.

मत्राहच्या गल्ल्या बंद केल्या त्या एप्रिलात
हिदायत होडेकर आले. हर्णैचे. एसी दुरुस्त करायचे.
खोलीत नऊ जण, दहावा खोकला.
मास्कच्या आतून पहिलं वाक्य :
"दारू नाही हां, सिस्टर. कधीच नाही."
अजून कुणी विचारलंही नव्हतं.

लहानपणी कावीळ झाली होती म्हणे.
मामूनं चुन्याच्या पाण्यात हात चोळून धुतले,
पाणी पिवळंजर्द झालं,
सगळे म्हणाले, उतरली.
उतरली कसली. आत जाऊन बसली,
चाळीस वर्षं, भाडं थकवलेल्या भाडेकरूसारखी
पावलं न वाजवता.

विषाणू आला तो फुफ्फुसाच्या दारानं.
आम्हीही त्याच दारावर उभ्या :
ऑक्सिजन, पालथं झोपवणं, रात्रभर बोटाला चिमटा.
तापाची गोळीसुद्धा मोजूनमापून,
कारण औषध कुठलंही असो, निस्तरायचं तिथेच,
उजवीकडे.

बाराव्या दिवशी निगेटिव्ह.
रुकय्याभाभींनी हर्णैत खिडकीखिडकीतून साखर दिली.
तेराव्या सकाळी मी दिवा लावला
आणि डोळ्यांचं पांढरं कुठेच दिसेना.

मग पोटात पाणी भरत गेलं.
मग ते मला सकीना म्हणू लागले, धाकट्या बहिणीचं नाव,
आणि काचेबाहेरच्या बंदराला हर्णै.
मी दोन्हींना हो म्हटलं.

"खोकला गेला ना सिस्टर? मग आता काय?"
भाभींना मी सांगायला लागले
की आधीच थकलेल्या माणसाच्या पाठीवर
कुणी नुसता हात जरी ठेवला...
तेवढ्यात लाइन गेली.
बरं झालं. पुढचं मला येत नव्हतं.

फॉर्मवर कारणासाठी एकच रकाना.
डॉक्टर सुलैमान पेन उघडून बसलेला,
वयानं माझ्या मुलाएवढा.
"निगेटिव्ह होता ना?"
"होता."
त्यानं यकृत लिहिलं.
ते खरंच होतं. अर्धं.
त्या संध्याकाळच्या आकड्यात होडेकर नव्हते.

ड्यूटी संपल्यावर मी हात धुतले, वीस सेकंद मोजून.
मग पुन्हा धुतले,
बेसिनवर वाकून,
पाणी कुठल्या रंगाचं येतंय ते बघत.