मोरी

पाचगावच्या वाटेवर मोरीखाली
कुणाचीतरी वाकळ अडकलीय.
अर्धी महापालिकेत,
अर्धी ग्रामपंचायतीत.
गटारीचं पाणी मागं फिरून
दारोदार विचारत सुटलंय,
घरफाळा कुठं भरता?

मुकादम आबाजी शिंगटे म्हणाला,
माझा झाडू त्या खांबापतोर.
ग्रामसेविका बाईंनी नकाशा उलगडला,
त्यात इथं अजून ऊस आहे.

हद्दवाढ, हद्दवाढ.
मी पाचवीत होतो तवापासनं ऐकतोय.
एकदा हवी म्हणून बंद,
एकदा नको म्हणून बंद,
दोन्ही वेळा शटर माझंच खाली.
तोवर ऊस गेला, प्लॉट पडले,
तिसऱ्या मजल्यावर काळ्या टाक्या चढल्या
आणि नळ अजून अर्जातच.
टँकरवाल्याला तेवढी हद्द लागत नाही.

काल सांजचं तुळसाक्का चौगलेनं
पदर खोचला,
गुडघाभर पाण्यात उतरून
वाकळ ओढली, शिव्या घालत,
एक शिवी गावाला, एक शहराला.
पाणी भसकन निघून गेलं
कुणाची सही न घेता.

आता ती कठड्यावर वाळतीय.
टाके चांगले आहेत अजून.
टाकायची कुठं,
त्याची पत्रं दोन्हीकडनं यायची आहेत.