दोन बनियन

मे महिन्यातल्या बडोद्यात
शर्टाखाली दोन बनियन घालणारा माणूस
तुम्ही पाहिला असेल.
दांडिया बाजारात रिक्षाची वाट बघत
खांदे जरा पुढे काढून उभा असतो,
छातीशी फाईल.
फाईलमध्ये काही नसतं.

तेराव्या वर्षी आखाड्यात
वस्ताद म्हणाले, सदरा काढ.
मातीत पाय पडायच्या आत कुणीतरी ओरडलं,
"मुलींची वेळ संध्याकाळची आहे रे!"
वस्तादही हसले. वाईट नव्हते ते.
लंगोटात दगड बांधून मी सुरसागरात सोडला
आणि आईला सांगितलं, चोरीला गेला.
तेव्हापासून मल्लखांबाबद्दल
मी फार चांगलं बोलतो,
लांबून.

अलकापुरीत, तिसरा मजला. एसी जरा जास्तच.
आम्ही चार पुरुष
आवाज बंद केलेल्या टीव्हीवर
तुपाची जाहिरात मन लावून बघतोय.
एकाची टोपी उतरत नाही.
एक लग्न ठरू घातलेला, नाकावर बोट धरून,
जणू नाकानं काही बोलू नये.
डोळ्यांखाली पिशव्या आलेले निवृत्त गृहस्थ,
तेवढेच बोलतात:
"नातू रोज विचारतो, आजोबा, रडलात का?
रोज नाही कसं म्हणायचं?"
"निनादभाई पागनीस!"
मी उठतो.
फाईल खुर्चीवरच राहते.

"हात सोडा. श्वास रोखू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
निळ्या पेनानं त्यांनी दोन्हीकडे
गोलात गोल काढले,
नकाशात डोंगराची उंची दाखवतात तसे.
हसल्या नाहीत.
नुसती त्याचीच फी असती, तरी दिली असती.

"कशासाठी करायचंय?"
खर्च, टाके, रजा किती, व्रण राहील का,
सगळं घोकून गेलो होतो.
हे पोर्शनमध्ये नव्हतं.
म्हणाल्या, तीन आठवड्यांनी या.
उत्तर नसलं तरी या.

शाई पक्की निघाली.
त्या रात्री उकाड्यानं, की शाईनंच,
बनियन घातला नाही.
ऋजुतानं दिवा लावला.
सतरा वर्षांचा संसार.
"हे होतं?
मला वाटायचं, तुला थंडी फार वाजते."
ती हसली, मीही हसलो, मग ती उठून
ओट्यापाशी गेली आणि बराच वेळ
एकच पेला विसळत राहिली.
"कर. नाहीतर नको करू.
पण माझं नाव मध्ये घालू नकोस.
रोज दोन बनियन धुतले मी,
एकदाही विचारलं नाही,
ते माझं मी बघेन."

परवा सेव-उसळीच्या गाडीवर टोपीवाला भेटला.
डोक्यावर ओळीत लाल ठिपके,
नुकतीच लावणी झाल्यासारखे.
बरं वाटतं? मी विचारलं.
"खाज सुटते," तो म्हणाला,
"आणि झोपेत भीती, उशीला लागेल."
मग जास्तीचा पाव मागवून,
"आरशाशी भांडण मिटलंय.
बायकोशी आहे ते आहेच."

आज पहाटे लालबागच्या तलावावर गेलो.
काठावरचा पोरगा शिट्टी थांबवून म्हणाला,
"काका, बनियन काढो."
तीस वर्षांनी तेच वाक्य, गुजरातीत.
काढला. आज एकच होता.
कुणी पाहिलं नाही, असं नाही.
दोघांनी पाहिलं. त्यातला एक हसला.
दुसऱ्याला चष्म्यात पाणी गेलं होतं,
त्याचं सांगता येत नाही.

मंगळवारी जाणार आहे. बहुधा करीनही.
कशासाठी, ते अजून नीट जुळत नाही,
पण वस्तादांना दाखवायला नाही,
एवढं कापून टाकलंय, बिनपैशात.

पोहता येत नाही मला.
कठडा धरून गळ्यापर्यंत उतरलो
आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा
खरीच थंडी वाजली.