साठ सेकंद

ओउलूत तीनलाच अंधार पडला.
आउलिक्कीने पॅच पुन्हा वरून वाचायला घेतला :
अकरा हजार ओळी, सिंचूच्या एका कंपनीच्या.
म्हणणं एवढंच, की कनेक्शनांचा सगळा संसार
आता कार्डावर जाऊ द्या.
हस्तांदोलन, क्रमांक, पोच, हरवलेल्याची पुन्हा पाठवणी,
ते चिमूटभर सिलिकॉन बघेल.
कर्नलने तयार ताटावर बसावं.

आकडे खोटे नव्हते.
चाळीस टक्के राबणारा प्रोसेसर चारवर आला होता.

कार्डाच्या पोटातलं कुलूपबंद.
भोक पडलं तर ठिगळ कोण लावणार?
हे ती दरवर्षी विचारते,
दरवर्षी उत्तर अतिशय सभ्य येतं.

मग ओळ आठ हजार दोनशे चार.

कनेक्शन मिटलं की कर्नल साठ सेकंद थांबतो.
पलीकडचा केव्हाच गेलेला असतो, तरी
वाटेत रेंगाळलेलं एखादं पॅकेट येईल म्हणून
दार किलकिलं ठेवतो.
कार्ड थांबत नाही. जागा अपुरी; लगेच पुसून टाकतं.
शेजारी टिप्पणी : इथे वाट पाहणं परवडत नाही.

कॉफी गार झाली होती.
खाली बर्फ काढणारं यंत्र मागे-पुढे, मागे-पुढे.
सही होती लिआओ यू-शेंगची.
लपवता आलं असतं त्याला,
इतक्या खाली कोण वाचतं.

“नाही,” तिने लिहिलं.
खाली आणखी एक ओळ :
“टिप्पणी मात्र काढू नकोस.”

पाठवायचं बटण
तिने जरा उशिरानेच दाबलं.