खालचा सूर

बिएल्लाच्या लोकरगिरणीत माग इतके खडखडायचे
की एर्सिलियाला हाक मारायची तर गाऊनच.
ती वरच्या पट्टीत ओ द्यायची.
मी खाली, कारण वरची जागा तिनं आधीच धरलेली.
एवढंच.
पुढं वर्तमानपत्रांनी त्याला दैवी देणगी म्हटलं.

सत्तेचाळीस साली, तोरिनोच्या रेडिओवर,
दोघींत एकच मायक्रोफोन.
बोनार्दी नावाचा तंत्रज्ञ फरशीवर खडूनं दोन फुल्या मारायचा:
तिची जवळ,
माझी हातभर मागं.
नऊ वर्षं मी तिच्या मानेवरच्या केसांकडे बघत गायले.
ती श्वास कुठं घेणार
ते खांद्याच्या हाडांवरून मला कळायचं,
तिच्याआधी.

निळे झगे, एकाच ताग्यातले.
भित्तिपत्रकावर एकच नाव: गिसोल्फी भगिनी.
पाकिटं मात्र दोन.
मी कधी मोजून पाहिली नाहीत.
एकदा पाहिली.

क्रेमोनाच्या अलीकडे, धुक्यात, बस बंद पडली
तेव्हा बूट हातात घेऊन आम्ही भांडलो,
कशावरून, तर शिळ्या पोलेंताच्या एका तुकड्यावरून.
आणि भांडतानाही, शप्पथ,
ती वर, मी खाली.

मग कॅफेंत ज्यूकबॉक्स आले.
एर्सिलिया एका दंतवैद्याचा हात धरून
जेनोव्हाच्या धक्क्यावरून रोझारिओला गेली.
निळा झगा नेला.
दोन्ही नेले.

मी एकटी गायले एकदाच, चेस्टनटच्या जत्रेत.
मन लावून, चोख, नेहमी गायचे तसंच.
माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली.
गाणं कुणाला ओळखूच येईना.
तिसऱ्या कडव्याला पहिल्या बाकावरची एक बाई,
गालात चेस्टनट तसाच ठेवून,
वरचा सूर गुणगुणली,
तेव्हा कुठं टाळ्या पडल्या.
तिलाच असाव्यात.

आता मी लोकर विकते, वजनावर.
परवा तिचं पत्र आलं, अक्षर कापरं:
‘देल्फिना, नातीला आपलं गाणं शिकवतेय.
दुसऱ्या कडव्यात तू काय गायचीस?
आठवत नाही.
खरं सांगू, मी कधी ऐकलंच नव्हतं.’

तीन दिवस पत्र तराजूच्या पारड्याखाली.
चौथ्या दिवशी बिलाच्या पाठीवर
सगळे सूर लिहून काढले, श्वासांच्या जागांसकट.
एक मुद्दाम चुकीचा घातला.
खोडला.
दुकान बंद करताना
पुन्हा तसाच घातला.